उमेदवारासाठी सूचना : आधी नोकरी की आधी प्रवास

पदवी हाती पडल्यावर नोकरी धरावी की आधी थोडे फिरून यावे, हा निर्णय उमेदवाराने स्वतः घ्यायचा असतो. तो जाहीर करण्याचे काम मात्र काकांचे. ते त्यांनी शेवटचे सेमिस्टर संपायच्या आतच, कुणाच्या तरी साखरपुड्यात, मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून उरकलेले असते : "आपला पिंट्या आता हिंजवडीला लागतोय." तिथे प्रतिवाद करू नये. पंगतीतली घोषणा कुणी मागे घेतल्याचे ऐकिवात नाही.

पहिले काम म्हणजे कॅम्पसमध्ये मिळालेले ऑफर लेटर नीट वाचणे. पॅकेजला बाराने भागले की पगार निघतो, हा समज आईचा असू द्यावा, आपला असू नये. त्या आकड्यात पीएफमधला कंपनीचा वाटा असतो आणि बहुधा ग्रॅच्युइटीही असते. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षे टिकणाऱ्याला मिळते. म्हणजे पाच वर्षांनंतरचे पैसे शेजारीपाजारी आजच सांगून झालेले असतात. पत्राच्या तळाशी, रुजू व्हायची तारीख यथावकाश कळवू, अशा अर्थाचे एक वाक्य सापडेल. उमेदवाराच्या पुढच्या आयुष्याचा सगळा तपशील त्या एका 'यथावकाश'मध्ये आहे.

गेल्या काही वर्षांत मोठ्या आयटी कंपन्यांनी निवडलेल्या मुलांना वर्षवर्ष ताटकळत ठेवल्याच्या बातम्या येऊन गेल्या. या अवस्थेतला उमेदवार नोकरदार नसतो आणि मोकळाही नसतो. मेल कधीही येईल, म्हणून तो स्पितीला जात नाही, कारण तिथे रेंजचा भरवसा नाही. मेल कधीही येईल, म्हणून तो दुसरी नोकरीही शोधत नाही. सकाळी उठून इनबॉक्स बघतो, मग स्पॅम बघतो, मग मित्राला "तुला आला का?" असे विचारतो. दुपारी आई दळण आणायला पाठवते. अशा रीतीने जे वर्ष त्याने मागितले असते तर घरात महाभारत झाले असते, तेच वर्ष कंपनी त्याला आपणहून देते आणि तो ते गिरणीच्या रांगेत घालवतो. यावर उपाय आहे, तो शेवटी दिला आहे. मधले गाळून थेट तिकडे जाऊ नये.

'आधी नोकरी, मग रजा काढून फिरू' हा बेत बाबांना फार आवडतो. त्याचे गणित असे. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात, आणि वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. २४० भागिले २०, बारा. या बारांतून आणि त्या आठांतून चुलतभावाचे लग्न वजा करावे, गौरी-गणपती वजा करावे, आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन वजा करावे आणि गावाकडच्या जत्रेला एक दिवस राखून ठेवावा. दोन उरतात. ते शनिवार-रविवारला जोडले की लोणावळा होतो. दोनच दिवस उरलेले बाकीचे सगळे लोक खंडाळ्याच्या घाटात गाडी बंद करून उभे असतात, त्यामुळे ओळखी मात्र भरपूर होतात.

राजीनामा देऊन फिरू म्हणावे, तर बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. म्हणजे राजीनामा दिल्या दिवशी सुटकेच्या तारखेचे तिकीट निघतच नाही, महिनाभर थांबावे लागते. त्या महिन्यात मॅनेजर कॉफीला नेतो, पगारात थोडी वाढ सुचवतो आणि राजीनामा परत घेतला जातो. रेल्वे आणि आयटी ही दोन खाती आपसात बोलून ठरवतात असा आमचा जुना संशय आहे.

आता आधी प्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी. "मनालीला जातो" म्हटल्यावर "कशाला?" असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नाही. "जग बघायला" हे उत्तर तर मुळीच देऊ नये, त्यावर "टीव्हीवर दिसत नाही का?" असे येते. आपल्याकडे विनाकारण फिरणारा तो वाया गेलेला, तेव्हा घराबाहेर पडताना सॅकमध्ये रेनकोट नसला तरी चालेल, कारण हवेच. सर्वांत भक्कम कारण नर्मदा परिक्रमेचे. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता, पायी चालायचे. परंपरेने मुदत ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस. ज्या घरातून मित्रांबरोबर आठ दिवस जायची परवानगी मिळत नाही, त्याच घरातली आत्या इथे पाया पडते आणि वाटखर्चाला पाचशेची नोट हातात कोंबते. इतकी मुदत पेलणार नसेल तर आषाढी वारी आहे. आळंदीहून पंढरपूर, आणि निकालांचा हंगामही साधारण तोच.

उमेदवार मुलगी असेल तर "कशाला?"च्या आधी "एकटी?" येते. त्यानंतर आई, मावशी आणि समोरच्या काकू एका सुरात सांगतात, "फिरायचं ते लग्नानंतर नवऱ्याबरोबर फिर." नवऱ्याच्या खात्यावर रजा किती शिल्लक आहेत, हे बायोडाटात लिहायची पद्धत मात्र अजून पडलेली नाही.

पूर्वदाखला म्हणून विष्णुभट गोडसे यांचा विचार करावा. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, तेवढ्यात बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली, म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले. म्हणजे गेले कमवायला. वाटेत बंड पेटले आणि पुढच्या साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हे आत होते. गाठीचे पैसे लुटले गेले. घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. त्यांचा 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली. आजच्या मुलाखतीत त्यांना "मधली दोन-अडीच वर्षं काय करत होतात?" असे विचारले असते आणि झाशीचे उत्तर ऐकून "बरं, पण एक्सेल येतं का?" हेही.

मधल्या वर्षाची धास्ती अनाठायी नाही. पुढे कुठे प्रवेश घ्यायचा झाला तर गॅप सर्टिफिकेट मागतात. तहसील कचेरीबाहेर छत्रीखाली बसलेला टायपिंगवाला ते करून देतो. सदर काळात मी कोठेही शिकत नव्हतो, नोकरी करत नव्हतो, माझ्यावर गुन्हा दाखल नाही, हा मजकूर त्याच्याकडे तयारच असतो, फक्त नाव बदलायचे. "फिरत होतो" असे सांगितले तर तो चष्म्यावरून एकदा बघतो आणि "घरगुती कारणास्तव" टाइप करतो.

काहीच ठरत नसेल तर स्पर्धा परीक्षा आहेत. सदाशिव पेठेत अभ्यासिकेची खुर्ची धरावी. एमपीएससीला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, तोवर कुणी विचारत नाही.

आता तो उपाय. 'यथावकाश'वाल्या उमेदवाराने ६० दिवसांनंतरचे झेलम एक्स्प्रेसचे स्लीपरचे तिकीट काढून ठेवावे. पुण्याहून थेट जम्मू. मेल आला तर तिकीट वेळेत रद्द करावे, कन्फर्म असले तरी माणशी १२० रुपयांच्या आसपास कापतात. नाही आला तर गाडीत बसावे. दोन्ही डगरींवर हात ठेवायची इतकी स्वस्त सोय दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्यात नाही. तिकीट काढताना मोबाइल नंबर मात्र स्वतःचा द्यावा. बाबांचा दिला तर पीएनआरचा मेसेज त्यांना जातो आणि संध्याकाळपर्यंत काकांना.