पुढे सरका

32 वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आठ-दहा माणसांना तासभर रमवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं मी धरून चालले होते. निवृत्तीनंतर स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या एका केंद्रात गट घ्यायला जाऊ लागले. मला तयार करायला समोर कोण, तर 26 वर्षांची मुलगी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, ज्याचं एकच बरोबर उत्तर असतं, असा प्रश्न विचारायचा नाही."

माझ्याकडे दुसरे प्रश्नच नव्हते.

सवयीनं मी विचारलंच, "आज वार कोणता?" सात माना खाली गेल्या. एका आजींनी हळूच शेजारणीला विचारलं. "कॉपी नको!" हे माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात मुलीनं मागून माझा पदर ओढला. 'आठवतंय का?', 'ओळखलंत का मला?' हेही बंद. उत्तर आलं नाही की माणूस शरमतो आणि दुसऱ्या दिवशी गोलात बसायलाच येत नाही. त्यापेक्षा हातात एखादी वस्तू द्यायची, आपलं काहीतरी सांगायचं आणि त्यांच्या जुन्या गोष्टी निघेपर्यंत गप्प बसायचं. यातलं शेवटचं मला अजून नीट जमत नाही.

म्हातारपणी मागचं उगाळणं ही बुद्धी ढळल्याची खूण नव्हे, ते आयुष्याचा हिशेब लावणं असतं, असं रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं 1963 साली मांडलं. माझ्या सासूबाई हा हिशेब रोज दुपारी दोन ते चार लावायच्या. आम्ही त्याला कटकट म्हणायचो.

एकदा मी किलोभर मटार नेले. शेंग कशी सोलायची याचं प्रात्यक्षिकही सुरू केलं. लेकीचं नाव न आठवणाऱ्या एका आजींनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली, टोकाशी अंगठ्यानं दाबली. टप्प आवाज, एक फिरकी, दाणे ताटात. पुढच्या शेंगेला त्यांनी खाली बघितलंही नाही. हातांची आठवण उशिरापर्यंत टिकते, हे मला शिकवलं होतंच. माझा एक किडका दाणा ताटात पडला तेव्हा आजींनी माझ्या हातावर चापट मारली, हे मात्र शिकवलं नव्हतं.

खरी परीक्षा घेतली ती एका आजोबांनी. आयुष्य एसटीत कंडक्टर म्हणून गेलेलं. खुर्च्यांचा गोल मांडला की ते उठायचे, "पुढे सरका, पुढे सरका." फुग्याचा खेळ राहिला बाजूला, सगळे सरकायचे. मग माझ्यासमोर हात, "तिकीट?"

"आजोबा, ही एसटी नाही," असं मी म्हणाले. ते इतके चिडले की तास तिथंच संपला. मुलगी म्हणाली, "काकू, त्यांच्या गाडीत बसा ना."

पुढच्या खेपेला बसले. "एक स्वारगेट," मी ऐटीत म्हणाले.

"स्वारगेट मागे गेलं. उतरा."

उतरले. बाकीचा गट माझ्याशिवाय झाला आणि, खरं सांगते, जास्त चांगला झाला.

त्यानंतरच्या गुरुवारी मी शहाणपणानं आधी विचारलं, "मास्तर, गाडी कुठली?" म्हणजे पुन्हा प्रश्नच, पण ह्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

"सातारा."

"मग एक सातारा द्या."

त्यांनी हवेतच तिकीट फाडलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि मी ते पर्समध्ये टाकेपर्यंत हात तसाच पुढे धरून उभे राहिले.

"सुट्टे द्या, बाई."