सर्किट नाना

बाजारात तयार मिळणारी वस्तू घरी दुप्पट पैशात आणि चौपट वेळात बनवायची आणि वर "विकतच्यात काय मजा?" असं समोरच्यालाच विचारायचं, ही एक स्वतंत्र जमात आहे. तिच्यात शिरायला परीक्षा लागत नाही. बाहेर पडलेला मात्र कुणी पाहिलेला नाही. आमच्या सोसायटीत या जमातीचे सन्माननीय प्रतिनिधी म्हणजे नाना.

नोकरीत होते तेव्हा नाना 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'मधली सर्किटं कापून फायलीला लावायचे. आता सर्किटं मोबाइलवर सापडतात. नानांच्या पत्नी माईंच्या मते यामुळे कपाट रिकामं झालं, पण संकट वाढलं. मासिक महिन्यातून एकदा यायचं, इंटरनेट रात्री दोन वाजताही येतं. पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा झाला (तो टाकी रिकामी झाली की वाजतो), डास पळवणारं यंत्र झालं (डास त्यावर विश्रांती घेतात) आणि मग नाना मेटल डिटेक्टरकडे वळले.

"सोनं शोधायचंय वाटतं?" मी विचारलं.

"सोनं काय करायचंय? तत्त्व बघ तू, तत्त्व!"

या जमातीला फळ नको असतं, तत्त्व हवं असतं, आणि ते ऐकायला शेजारी हवा असतो. नानांनी मला बसवून घेतलं. दोन ऑसिलेटर. दोघेही सेकंदाला लाखभर हेलकावे घेणारे, म्हणजे कानाला न ऐकू येणारे. एक डबीत स्वस्थ बसलेला, दुसऱ्याला बाहेर तारेची कॉइल. जवळजवळ जुळलेल्या दोन तंबोऱ्यांमधून एक संथ लहर ऐकू येते, तसा या दोघांमधला फरक तेवढा हेडफोनमध्ये येतो. कॉइलजवळ धातू आला की एक तंबोरा हलतो आणि सूर बदलतो. हे सगळं नाना इतकं सुंदर समजावतात की यंत्र चाललं नाही तरी आपलं काही अडत नाही.

कॉइलसाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून इनॅमलची तांब्याची तार वजनावर आणली. ती गुंडाळायला नेमक्या व्यासाचं काहीतरी गोल हवं होतं. घरात त्या मापाचा एकच डबा निघाला आणि त्यात पोहे होते. रविवारी सकाळी माईंना पोहे वर्तमानपत्रावर आणि डबा तारेत सापडला. नाना वेढे मोजत होते. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं. माई बोलल्या. नानांनी शांतपणे सगळी तार उलगडली आणि पुन्हा 'एक'पासून सुरुवात केली. वेढे दोऱ्याने बांधून झाले, टेप झाली. मग आजूबाजूच्या विजेची खरखर थोपवायला वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल आलं. ते पोळ्या गुंडाळायचंच होतं, हे सांगायला नकोच. फॉइलची दोन टोकं एकमेकांना टेकू द्यायची नसतात, मध्ये बोटभर फट ठेवावी लागते, नाहीतर ते फॉइलच कॉइलचा एक बंद वेढा होऊन बसतं आणि यंत्र बहिरं होतं. नानांनी पहिल्या खेपेला फट ठेवली नव्हती. फॉइलचा दुसरा रोल त्यांनी स्वतः आणला, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

पुढचा मुक्काम तपकीर गल्ली. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांनी भरलेल्या या गल्लीत नानांना तीर्थक्षेत्री आल्याचं समाधान मिळतं. सर्किट अमेरिकन होतं, त्यात टू-एन-३९०४ नावाचा ट्रान्झिस्टर मागितला होता. दुकानदाराने वर न बघता सांगितलं, "तो नाही. बीसी-५४७ घेऊन जा, चालतो." चालतो हे खरं, पण दोघांच्या पायांचा क्रम एकमेकांच्या बरोबर उलटा असतो. नानांनी चित्र बघून तसाच सोल्डर मारला. पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. पायाळू ट्रान्झिस्टरला काहीच दिसत नाही. नानांनी आधी बॅटरी बदलली, मग कपॅसिटर, मग चष्मा. शेवटी नातवाने ट्रान्झिस्टर उपटून फिरवून लावला आणि हेडफोनमधून "कुंईंई" असा आवाज आला. त्या संध्याकाळी नानांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

पहिली चाचणी हॉलमध्ये झाली. यंत्र सुरू झालं ते थांबेचना. फरशीखालच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया आहेत हे नानांनी त्यावरून सिद्ध केलं. बिल्डरवर त्यांचा विश्वास नव्हता, तो या निमित्ताने बसला. मग खालच्या काकूंच्या बदललेल्या गुडघ्याशी ते वाजलं आणि काकू फार खूश झाल्या, "म्हणजे खरंच बसवलाय!" बागेत मात्र शोध रंगला. गंजलेले खिळे, सळया बांधायची तार, सोड्याच्या बाटलीची बुचं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, तीही बहुतेक नानांचीच. एका वहिनींची कानातली कुडी हरवली होती, तिच्यासाठी नानांनी हिरवळीचे चौकोन आखून तास न् तास झाडाझडती घेतली. कुडी बाथरूमच्या जाळीत सापडली. "बघा, बागेत नाही हे मी आधीच सांगितलं होतं," नाना म्हणाले.

वेताळ टेकडीवर तर यंत्राने कहरच केला. दगड दिसला की वाजायचं, माती दिसली की वाजायचं. दोष नानांचा नव्हता. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं आणि साध्या डिटेक्टरला ते भुलवतं. यंत्राला सह्याद्री सापडला होता, इतकंच.

अपयशाचं नानांना कधी वाईट वाटत नाही, कारण त्यांच्या खिशात ग्रॅहॅम बेल असतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाला बेल स्वतः बनवलेलं असलंच यंत्र घेऊन गेला. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, शिवाय डॉक्टरांनी त्याला शरीराची एकच बाजू तपासू दिली. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष गेले. "बेलला स्प्रिंगांनी फसवलं, मला सळयांनी. फरक काय?" नाना विचारतात. फरक बराच आहे, पण तो सांगून कुणाचं भलं होणार नाही.

यंत्र नीट चालायला लागलं त्याच आठवड्यात नानांनी ते उघडून ठेवलं. "हे दोन तंबोऱ्यांचं, म्हणजे बीएफओ झालं. आता पल्स इंडक्शन करायचं, खोलवर जातं." चाललेलं यंत्र या जमातीला सहन होत नाही. माईंनी फॉइल आता देव्हाऱ्यामागे ठेवलंय.

तुमच्याही घरी असा कुणी असेल तर त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. १८७८चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नानांनी अर्जाचा मसुदा तयार ठेवलाय. आजवर सापडलेल्या सगळ्या मालाचे भंगारवाल्याने सात रुपये सांगितले आहेत.