भिंतदर्शनाचा शास्त्रोक्त विधी

मुंबईच्या भिंतींवरची चित्रे पाहण्याची इच्छा झालेल्याने प्रथम रिक्षा सोडावी. मीटर पळत असताना नजर मीटरवरच राहते. वांद्रे पश्चिमेला उतरून हिल रोडने पायी चॅपल रोडकडे निघावे आणि रणवारच्या गावठाणातल्या गल्ल्यांत शिरावे. गल्ली अरुंद असेल, तर मार्ग योग्य आहे असे समजावे.

चित्र सापडताच मोबाइल काढू नये. आधी मान किंचित तिरकी करावी आणि ‘हं’ म्हणावे. नायकाच्या कपाळावर विजेच्या मीटरची पेटी असेल, नायिकेच्या हनुवटीपुढे स्कूटर लावलेली असेल, तर दोन्ही गोष्टी रचनेचा भाग मानाव्यात. स्कूटरवाल्याला ती हलवायला सांगणाऱ्याला कलेचीच नव्हे, वांद्र्याचीही जाण नाही.

थोडा अभ्यास हवा. रणजीत दहिया या चित्रकाराने 2012 मध्ये ‘बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि चॅपल रोडवर ‘अनारकली’ रंगवली. अनारकली म्हटले की सोबतचा कुणीतरी ‘मधुबाला!’ म्हणतोच. त्याला शांतपणे सांगावे की ही 1953 च्या चित्रपटातली, म्हणजे बीना रायची. मधुबालेची आली 1960 मध्ये. एवढ्या एका दुरुस्तीवर दिवसभर जाणकार म्हणून मिरवता येते.

दहियांची सुरुवात सोनिपतकडच्या गावात भिंतींना चुना लावण्यापासून झाली. चंदीगडचे कला महाविद्यालय आणि अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था नंतर. त्यांच्या भिंतींवर परदेशी स्प्रेकॅनपेक्षा जुन्या सिनेमाच्या पोस्टरची आठवण अधिक आहे, आणि तीच त्यांची खरी गंमत. चौकोन आखून वीतभर फोटोचा वीस फुटी नायक करणाऱ्या पेंटरांचे काम फ्लेक्सच्या छपाईने हिरावले. हनीफ कुरेशी यांनी अशा पेंटरांची अक्षरे ‘हँडपेंटेडटाइप’ या प्रकल्पातून जपायला घेतली होती. त्यामुळे भटक्याने दुकानांच्या पाट्याही वाचाव्यात आणि सकाळी लवकर निघावे: शटरवरची कला दुकान उघडले की गुंडाळली जाते.

काही चित्रांना अंतर लागते. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दहियांनीच 2014 मध्ये दादासाहेब फाळके उभे केले. ते नजरेत मावावेत म्हणून माणूस मागे मागे सरकतो. मागे रस्ता असतो.

जिन्याच्या कोपऱ्यात ओळीने बसवलेल्या देवांच्या टाइल्स या शास्त्रात धराव्यात का, यावर मतभेद संभवतात. गणपती, साईबाबा, येशू आणि मक्का शेजारी शेजारी असतात आणि पान खाणारा त्यांच्यापुढे तोंड मिटतो. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही चित्राचा प्रेक्षकांवर एवढा तत्काळ परिणाम होत नाही. टाइल्स धराव्यात.

माहीम ते दादर हा टप्पा रेल्वेच्या भिंतीच्या कडेने, सेनापती बापट मार्गावरून चालावा. जुने लोक त्याला तुळशी पाइप रोड म्हणतात. 2009 मध्ये ‘वॉल प्रोजेक्ट’ या उपक्रमाच्या हाकेला प्रतिसाद देऊन हौशी आणि कसलेल्या लोकांनी तिथे एकत्र ब्रश चालवला. शेजारी शेजारी असलेल्या चौकटींत एक हात तयारीचा, दुसरा शाळकरी. कुणाचा कुठला हे मोठ्याने बोलू नये.

कुलाब्याच्या ससून डॉकला 1875 पासूनचा इतिहास आणि साधारण तेवढाच जुना वास आहे. 2017 मध्ये ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने तिथे कलाप्रकल्प भरवला, तेव्हा कलारसिक आणि मासळीच्या टोपल्या एकाच फाटकातून आत गेल्या. आजही तिथे जाणाऱ्याने नाकाला रुमाल लावू नये. मासळीवाल्या मावश्या बघत असतात, आणि त्यांची टीका कुठल्याही समीक्षकापेक्षा नेमकी असते.

एवढे चालून स्वतःच ब्रश हाती घ्यावासा वाटला, तर 1995 चा महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम आठवावा आणि भिंतीच्या मालकाकडून लेखी परवानगी घ्यावी. मालक सहकारी गृहनिर्माण संस्था असल्यास अर्ज सर्वसाधारण सभेपुढे जाईल. तिथे गळतीवर दीड तास चर्चा होऊन ऑफ-व्हाइट रंग एकमताने मंजूर होईल.