अठ्ठ्याऐंशीची बॅच

अशोक सराफ यांचा जन्म ४ जून १९४७चा आणि 'अशी ही बनवाबनवी' लागला सप्टेंबर १९८८मध्ये. ही वजाबाकी मी परवापर्यंत केली नव्हती, आणि करायला नकोच होती. पुण्यात खोलीसाठी वणवण करणारा, घरमालकाला गुंडाळणारा, दुकानाच्या मालकिणीच्या प्रेमात पडणारा तो उमदा धनंजय माने चक्क ४१ वर्षांचा होता! त्या काळी आमच्या घरात ४१ वर्षांचे म्हणजे थोरले काका. बनियनवर बसून पेपर वाचायचे आणि आमच्यावर खेकसायचे. ते कुणाच्या प्रेमात पडले असते तर घरात चूल पेटली नसती.

त्या एका वर्षात आमच्या पिढीचं सगळं ठरून गेलं. फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शारदाश्रमच्या पोरांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची भागीदारी केली. सप्टेंबरात बनवाबनवी आला. नोव्हेंबरात 'तेजाब' आणि माधुरी दीक्षित. क्रिकेट, विनोद आणि प्रेम, तिन्ही खाती भरली गेली. पुढे खातेबदल म्हणून झाला नाही.

मरण आम्हाला त्याआधीच एकदा दिसलं होतं. १३ डिसेंबर १९८६ला स्मिता पाटील गेली. वय ३१. आई दिवसभर हळहळत होती, आणि मला कळेना की ३१ म्हणजे चांगलं मोठं वय झालं की! असला निर्लज्जपणा तेराव्या वर्षीच जमतो. आज माझी भाची ३१ची आहे आणि 'आधी नीट सेटल होऊ दे रे मामा' म्हणते.

खरी गडबड लक्ष्याची आहे. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेला तेव्हा पन्नाशीचा होता. (गेला असंच म्हणणार. त्याला अहो-जाहो करणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.) आता मी त्याच्यापेक्षा मोठा झालोय. ही गोष्ट कुठल्याही अँटासिडने पचत नाही. पूर्वी बनवाबनवीत तो पार्वती होऊन लुगडं सावरत धावायला लागला की वाटायचं, काय धमाल आहे हा माणूस! आता वाटतं, अरे पोरा, बस जरा, पाणी पी. मधल्या काळात त्याचा मुलगा अभिनय सिनेमात आला, 'झपाटलेला'चा दुसरा भागही निघाला, तोही थ्रीडी. लक्ष्या मात्र तिथेच आहे, त्याच केसांनिशी. आमचे केस गेले.

टीव्हीवर बनवाबनवी लागला की घरात दोन सिनेमे सुरू होतात, एक पडद्यावर आणि एक सोफ्यावर. सोफ्यावरच्या सिनेमाचे संवाद ठरलेले आहेत.

"हा शंतनू गेला ना रे?"

"सिद्धार्थ रे. लक्ष्याच्याच वर्षी. चाळिशीत. हार्ट."

"आणि सरपोतदार?"

"सुधीर जोशी. दुसऱ्या वर्षी."

"लीलाबाई काळभोर?"

"त्याही."

"मग अशोक सराफ?"

"हे आहेत! हळू बोल जरा."

त्यात घरमालक सरपोतदारांना मधुमेह. त्या औषधाच्या सत्तर रुपयांवर आख्खं थिएटर पोट धरून हसलं होतं. आमच्या दृष्टीने मधुमेह हा फक्त घरमालकांना होणारा आजार होता. आता तोच प्रसंग लागला की सोफ्यावरचा निम्मा प्रेक्षक मनातल्या मनात आठवत असतो, सकाळची गोळी घेतली का?

माधुरीने मात्र म्हातारं होण्याला साफ नकार दिलाय. १९९९ साली तिचं डॉक्टर श्रीराम नेने यांच्याशी लग्न झालं, तेव्हा हा गृहस्थ आपल्याला आवडत नाही असं आमच्या मित्रमंडळाने एकमताने ठरवलं होतं. ज्यांनी आमची हृदयं एकगठ्ठा मोडली ते पेशाने हृदयाचेच सर्जन निघावेत, याला काय म्हणावं? आता तेच नेने मोबाइलवर आरोग्याचे सल्ले देतात, बायको आवाज मोठा करून ते लावते, आणि मी निमूटपणे दुसऱ्या भाताला नको म्हणतो.

२४ एप्रिल २०२३ला सचिन पन्नास वर्षांचा झाला. त्या दिवशी त्याला शुभेच्छा देणाऱ्या आमच्या वयाच्या प्रत्येक माणसाचा आवाज थोडा पडलेला होता. सचिन पन्नाशीचा, म्हणजे आता आपल्याला लपायला जागा राहिली नाही.

आणि मग ३ डिसेंबर २०२४. शिवाजी पार्कवर सचिन-कांबळीचे गुरू आचरेकर सर यांच्या स्मारकाचं अनावरण होतं. कांबळी खुर्चीत बसला होता, थकलेला. सचिन आपणहून त्याच्याजवळ गेला, कांबळीने त्याचा हात धरला तो लवकर सोडलाच नाही. आमच्या शाळेच्या ग्रुपवर जगबुडी आली तरी मिनिटभरात विनोद येतो. त्या दिवशी कुणी काही टाकलं नाही. रात्री उशिरा एकाने फक्त लिहिलं, "त्या भागीदारीत कांबळीच्या ३४९ होत्या. सचिनच्या ३२६." सगळ्यांनी त्याला अंगठा दाखवला. हे आकडे आम्ही नव्या पोरांनाही सांगतो. ती ऐकत नाहीत, तरी सांगतो.

अशोकमामांचं बरं चाललंय. पंचाहत्तरी उलटल्यावर महाराष्ट्र भूषण झाला, २०२५मध्ये पद्मश्री झाली आणि मालिकेत कामही सुरू केलं. त्यांना बघितलं की आमच्या पिढीला धीर येतो. त्यांनी खुशाल शंभरी गाठावी. यात आमचा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

वाहिनीवाल्यांना मात्र एक विनंती आहे. बनवाबनवी दर थोड्या दिवसांनी लावता, तुमचे उपकार आहेत. पण मध्ये जाहिराती कसल्या? गुडघ्याचं तेल, आयुर्विमा, पोट साफ करणारं चूर्ण. समोर कोण बसलंय हे तुम्हाला कळलंय, हे आम्हालाही कळलंय. तरी एखादी चॉकलेटची लावत जा. खाणार नाही, नुसती बघू.