पिकपचे मॅनिफोल्ड-अधिकरण

मीमांसकांनी वादाची पाच अंगे ठरवून दिली: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यज्ञयागातल्या बारीकसारीक शंका या पाच पायऱ्यांनी शतकानुशतके मिटवल्या गेल्या. मात्र शहापूरच्या भाजीवाहू पिकपचे कंपनीचे मॅनिफोल्ड काढून नळ्यांचे बसवावे काय, या शंकेकडे एकाही शास्त्रकाराचे लक्ष गेले नाही. प्रस्तुत लेखाने ती उणीव दूर व्हावी.

विषय. बोलेरो पिकपच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाला चार सिलिंडर. ते 1-3-4-2 या क्रमाने पेटतात. मिनिटाला 2000 फेरे धरले तर सेकंदाला सुमारे 67 वेळा जळका गॅस बाहेर पडतो. कंपनीने त्यासाठी बिडाचे आखूड मॅनिफोल्ड दिलेले असते आणि त्यात चारही वाटा लगेच एकत्र येतात. वडाप थांबल्यावर सगळे उतारू एकाच दाराला भिडले की जे होते, तेच इथे होते. नळ्यांच्या मॅनिफोल्डात प्रत्येक सिलिंडरला सारख्या लांबीची स्वतंत्र नळी मिळते. पुढे गेलेला झोत आपल्यामागे दाब कमी करतो आणि पुढच्या सिलिंडरचा गॅस ओढून घेतो. इथवर कोणाचाच आक्षेप नाही.

संशय. हा बदल कोणाच्या हिताचा? गाडीच्या, मालकाच्या की गल्लीच्या? आणि निवाडा कोणी करायचा? शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, तर लागून असलेले बेळगाव इंग्रजांकडे. मग दोन्ही मुंबई राज्यात आली, 1956 साली म्हैसूर राज्यात गेली आणि 1973 साली त्याच राज्याचे कर्नाटक झाले. अधिकारक्षेत्राचा प्रश्न इथे कधीच सोपा नव्हता. सुदैवाने 1988 चा मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. त्याच्या कलम 190 खाली 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नि धुराचे नियम मोडणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. निपाणीपुढचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात शिरले तरी कलम तेच. सीमाभागात दोन्ही बाजूंना एकच गोष्ट लागू असल्याचे हे दुर्मीळ उदाहरण नोंदवून पुढे जाऊ.

पूर्वपक्ष. मालकाचे म्हणणे असे की गाडीला पिकप येतो, गोव्याला भाजी पोचवून परतताना चोर्ला घाट सहज चढतो आणि शिवाय अमेरिकेत सगळे बसवतात. यावर फिटर कामाला लागतो. शास्त्राचा कस इथेच लागतो. मॅनिफोल्डचे नट तापून-थंडावून जाम झालेले असतात. रात्रभर डिझेल पाजले तरी त्यांना दया येत नाही. मग गॅस मारून नट लाल करायचा आणि पाना हळूहळू ओढायचा. तेवढ्यात ‘कट्’ असा बारीक आवाज होतो. आवाज झाल्यावर कोणीच काही बोलत नाही, कारण स्टड हेडच्या पातळीला तुटलेला असतो. मग त्या ठिपक्याएवढ्या टोकावर नवा नट वेल्ड करायचा आणि त्याच्या आधाराने स्टड फिरवून बाहेर काढायचा. नवे गास्केट लावायचे, नट मधून सुरुवात करून टोकांकडे टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि इंजिन एकदा तापून निवले की पुन्हा आवळायचे. हे चुकले तर जोडावर काजळीची रेघ उमटते आणि ‘फट् फट्’ सुरू होते. शेवटी चाचणीची फेरी.

“फरक वाटतोय काय वो?”

“वाटतोय की! गाडी एकदम हलकी झाल्यासारखी झाली बघा.”

इथे पूर्वपक्ष स्वतःला सिद्ध समजतो.

उत्तरपक्ष. पहिला आक्षेप प्रमाणाचा. चाचणीच्या वेळी हौद्यात माल नव्हता. गाडी हलकी वाटली, कारण ती हलकीच होती. दुसरा आक्षेप दृष्टान्ताचा. अमेरिकेतल्या ज्या पिकपना लांब नळ्या जोडतात, त्यांत बहुधा टर्बो नसलेले आठ सिलिंडरचे मोठे पेट्रोल इंजिन असते. आपल्या पिकपला टर्बो आहे आणि तो मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो. गॅसची उष्णता नि जोर यांवर त्याची चक्की फिरते. बीड ती उष्णता धरून ठेवते, तर लांब पातळ नळ्या ती वाटेतच बॉनेटखाली उधळतात. चक्की उशिरा फिरू लागते आणि घाटात गाडी आधीपेक्षा जड ओढते. तिसरा आक्षेप श्रोत्यांचा. वडगाव-खासबागेकडचे कान मागांच्या खडखडाटात वाढलेले आहेत. त्यांच्यावर छाप पाडण्याइतका आवाज काढायचा म्हणजे सायलेन्सरही कापावा लागेल, आणि मग 10,000 रुपयांचा विषय पुन्हा निघतो.

निर्णय. नळ्यांचे मॅनिफोल्ड गाडीच्या हिताचे नाही आणि गल्लीच्या तर नाहीच. मालकाचे हित दोन प्रकारचे आहे, म्हणून विधीही दोन. ताकद हवी असेल त्याने एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, टायरात हवा पुरी भरावी आणि टोमॅटोचे चार क्रेट कमी घ्यावेत. आवाज हवा असेल त्याने माल उतरवून परत येताना मोकळी पिकप खडेबाजारातून न्यावी. फाळका नि त्याच्या साखळ्या जो गजर करतात तो नाथ पै सर्कलपर्यंत पोचतो. त्याला गास्केट लागत नाही, स्टड तुटत नाही आणि फाळक्याबद्दल कलम 190 गप्प आहे.