नऊ देशांच्या शिल्पकारास

श्री. रा. रा. ‘युरोप : १२ दिवस, ९ देश’ या सहलपत्रकाचे कर्ते यांसी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला तीस वर्षं पूर्ण होतात. ह्यांची ग्रॅच्युइटी हाती आली, मुलगी मार्गी लागली, तेव्हा आम्ही उभयतांनी युरोपला जायचं ठरवलं. नेमकं त्याच वेळी आपलं गुळगुळीत पत्रक घरी आलं. पहिल्या पानावरच ‘खास जोडप्यांसाठी’ असं वाचलं आणि आपले आभार मानायला शब्द शोधू लागले.

सर्वप्रथम आपल्या गणिताला दंडवत. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली हे झाले सात. आठवा लिश्टेनश्टाइन. तिथे बस थांबणार, फाडुत्समध्ये मिनी ट्रेनची फेरी होणार आणि पैसे भरून पासपोर्टवर हौसेचा शिक्का मिळणार. नववा व्हॅटिकन, अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. सेंट पीटर्स बॅसिलिकात जायला तिकीट पडत नाही, म्हणून ती आपण उदारपणे ‘समाविष्ट’ केलीत. सिस्टाइन चॅपेलला तिकीट पडतं. ते ‘ऑप्शनल’.

१९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या गावाजवळ करार झाला आणि पुढे सीमेवरच्या चौक्या उठल्या. आज एका व्हिसावर २९ देश फिरता येतात. माणसांना मोकळेपणाने जाता-येता यावं, म्हणून केलेली ही सोय. आपण तिच्यातून फुकटात देशांची संख्या वाढवण्याची युक्ती काढलीत. महामार्गावर एक पाटी मागे पडते आणि आपला एक देश वाढतो. ही दृष्टी सामान्य माणसाला कुठून असणार!

सहा-सात-आठ या आपल्या शिस्तीबद्दलही ऋणी आहोत. सहाला वेक-अप कॉल, सातला ब्रेकफास्ट, आठला बस. तीस वर्षं ह्यांच्या ड्यूटीच्या वेळा सांभाळत मी पहाटे डबे भरले. लग्नाच्या वाढदिवशी तरी उशिरा उठावं, असा आळशी विचार मनात आला होता. आपण तो वेळीच मोडून काढलात.

पॅरिसहून स्वित्झर्लंडला एका दिवसात बसने नेण्याचं आपण योजलं आहे, सहाशे किलोमीटरच्या घरात. युरोपच्या कायद्याप्रमाणे बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती द्यावी लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांपलीकडे गाडी चालवता येत नाही. त्या चालकाचं भलं होवो. त्याच्यासाठी कायदा आहे म्हणून आमचेही पाय मोकळे होतील. साठीच्या आसपासच्या प्रवाशांच्या गुडघ्यांसाठी आपल्या पत्रकात एकही ओळ सापडली नाही.

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले. सारी नोकरी भुसावळ विभागात गेली. स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्डच्या पायथ्याचा ५७ किलोमीटरचा बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्यातून जायची त्यांची इच्छा आहे. बर्निनाचा मीटरगेज मार्ग कसा चढत जातो, ते कागदावर काढून त्यांनी मला समजावलं आहे. जगात ज्या देशाची रेल्वे वाखाणली जाते, तिथे आपण त्यांना बसमध्ये बसवणार. संपूर्ण सहलीत त्यांच्या वाट्याला गाडी येते ती एकच, फाडुत्सची ती रबरी चाकांची. एका रेल्वेवाल्याचा याहून मोठा सत्कार कोणी केला नसेल.

पॅरिसमध्ये लूव्रचा ‘फोटो स्टॉप’ आहे. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि आपल्या पत्रकातला पॅरिसचा दिवसही मंगळवारच. काचेच्या पिरॅमिडपुढे उभे राहू, फोटो काढू, बसमध्ये चढू. ओर्से संग्रहालय मंगळवारी उघडं असतं. मोनेची चित्रं तिथे आहेत आणि मी ती आयुष्यभर फक्त कॅलेंडरवर पाहिली. त्या वेळी आम्ही परफ्युमच्या दुकानात असू, असं पत्रक म्हणतं.

आता व्हेनिस. इथे मात्र आपली प्रतिभा पाहून मी थक्क झाले. बोटीने सान मार्कोला जाऊन यायचं, काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक पाहायचं, गोंडोलात बसायचं आणि दिवस मावळायच्या आत शहराबाहेर पडायचं. मागची पंगत ताटकळते म्हणून पुढचीला ताक भुरकू न देता उठवावं, तशी ही घाई. गोंडोलात जास्तीत जास्त पाच जण बसतात आणि आपण जागा वाया घालवणारे नव्हेत. म्हणजे लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी त्या कालव्यात आम्ही दोघं आणि तीन अनोळखी सहप्रवासी. त्यांचेही आम्ही फोटो काढून देऊ.

त्या शहराने तुमच्यासारख्यांना कंटाळून काय केलं, ते आपल्याला ठाऊक असेलच. २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं. मुक्कामाला राहणाऱ्याला ते माफ आहे. त्याच वर्षी पंचवीसहून मोठे गट आणि लाउडस्पीकर यांवरही बंदी आली. जो रात्री राहतो, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव घेतो, त्याचं शहर स्वागत करतं. आपण मात्र आम्हाला त्या दुसऱ्या रांगेत, दंड भरणाऱ्यांच्या रांगेत, आणून उभं केलंत.

‘ट्विन शेअरिंग’बद्दल काय लिहू! खास जोडप्यांच्या सहलीत दोन वेगळ्या खाटा. शेवटच्या रात्री ‘सरप्राइज केक’ आहे. तो बसमधल्या सगळ्या जोडप्यांना मिळून एक.

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस पर्वतावर शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या चित्राशेजारी फोटोची सोय आहे. आपला लोभ.

महोदय, आता हात जोडून मनातलं सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज, जिथे सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. माणूस परदेशी गेला की कुठेतरी अधिक रमेल, हे त्या नियमाने गृहीत धरलं आहे. आपल्या पत्रकात असं ठिकाण शोधायला मी रात्रींवर बोट ठेवत गेले आणि मला रडू आलं. प्रत्येकी ९० युरो व्हिसाशुल्क, ३० हजार युरोंचा विमा, बँकेची पानंच्या पानं, बोटांचे ठसे, हे सगळं आमच्यासारखी माणसं बहुतेक एकदाच करतात. त्या एकदाच मिळणाऱ्या वेळेवर आपण दुकानं, पार्किंग आणि महामार्ग पसरून ठेवलेत. माझ्या नात्यातली माणसं अशा सहलींहून परत आली. त्यांना देश सांगता येतात, पण ज्या गल्लीत दोघांनी बसून कॉफी घेतली अशी एकही गल्ली सांगता येत नाही. त्यांचा दोष नाही. त्यांनी विश्वासाने पैसे भरले होते.

आम्ही पॅरिस, लुत्सर्न आणि व्हेनिस एवढंच करणार आहोत. पॅरिसहून झ्युरिकला थेट गाडी चार तासांत जाते. पुढे मिलानच्या वाटेवर ह्यांचा बोगदा आहे आणि मिलानहून व्हेनिस अडीच तासांवर. तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात, म्हणून हे रोज वेळापत्रक घेऊन बसतात. बऱ्याच वर्षांनी मी त्यांना इतकं खुशीत पाहते आहे.

आपला प्रतिनिधी रोज फोन करून ‘शेवटच्या दोनच सीट उरल्यात’ असं काळजीने कळवतो. त्याला आमचा नमस्कार सांगावा. आणि एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या पत्रकात देशांच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, बसमध्ये जाणारे तासही छापावेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
तीस वर्षांची एक सहधर्मचारिणी