घडी मोडण्याचा मान

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे भाऊ, पण पेपराशी असलेलं त्यांचं नातं सगळीकडे सारखंच. आमचे अण्णा डोंबिवलीचे. सकाळी आलेल्या पेपराची घडी मोडण्याचा मान त्यांच्या घरात फक्त त्यांचा. दुसऱ्या कुणी आधी उघडला, की तो अंक त्यांच्या लेखी उष्टा. एकदा सूनबाईंनी राशिभविष्य बघायला पुरवणी काढली आणि होती तशी घालून ठेवली. म्हणजे त्यांना तसं वाटलं. पुरवणी उलटी गेली होती. अण्णा काही बोलले नाहीत. पायात चपला सरकवल्या आणि नाक्यावरून दुसरा अंक विकत घेऊन आले.

कागदोपत्री ते बी.कॉम. असले, तरी त्यांचं खरं शिक्षण सकाळच्या फास्ट लोकलमध्ये झालं. ऐंशीच्या दशकात त्यांच्या ग्रुपमध्ये तिघांकडे तीन पेपर असत : महाराष्ट्र टाइम्स, लोकसत्ता आणि नवाकाळ. ठाण्याला अदलाबदल, घाटकोपरला पुन्हा अदलाबदल, आणि दादर येईपर्यंत एकाच्या पैशात तीन संपादक वाचून व्हायचे. गोविंद तळवलकर १९६८ पासून १९९६ पर्यंत मटाचे संपादक होते. तेवढ्या काळात अण्णांना नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा दहावीला गेला, संपादक तेच. लोक ज्यांना अग्रलेखांचा बादशहा म्हणत, त्या नीलकंठ खाडिलकरांचा नवाकाळ दारात लोंबकळतानाही वाचता येई. “तळवलकरांना मात्र बसायला जागा लागते,” असं अण्णांचं मत होतं.

गर्दीत पेपर वाचायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी उभी घडी, मग आणखी एक उभी घडी, की दोन कॉलमांची पट्टी उरे. ती नाकासमोर धरायची आणि कोपर कुणालाही न लावता पान फिरवायचं. शेजारचा मान वाकडी करून फुकट वाचत असे, त्याचीही सोय होती. पान उलटण्यापूर्वी अण्णा विचारत, “झालं तुमचं?”

संपादक कुणीही असो, अण्णांचं त्याच्याशी कधी पटलं नाही. रोज सकाळी चिडायचे आणि चिडत चिडत अग्रलेख शेवटपर्यंत वाचायचे, कारण त्या गर्दीत दुसरीकडे बघायलाही जागा नसे. संध्याकाळी घरी आले की पोस्टकार्ड. वाचकांच्या पत्रव्यवहारात ते कधी तरी छापून येई, पण पाठवलेल्यातलं निम्मंच. “नेमका मुद्दा तेवढा कापला,” असं सगळ्यांना सांगून अण्णा त्याच अर्ध्या पत्राचं कात्रण फाइलीत लावत.

मग दिवस पालटले. वृत्तवाहिन्या आल्या आणि रात्री साडेनऊला बघितलेली बातमी सकाळी पेपरात पुन्हा भेटू लागली. लोकलमध्ये पेपरांच्या जागी इयरफोन आले. पेपरही काही तोच राहिला नाही. आधी कुपनांच्या योजना आल्या : रोजचं कुपन कापा, प्रवेशिकेवर चिकटवा, शेवटी बादली मिळवा. वहिनींची कात्री अण्णांच्या आधी चालू लागली. क्रिकेटच्या बातमीत चौकोनी भोक. शतक कुणी काढलं ते कळायचं, कुणाविरुद्ध ते बादलीच्या हिशेबात गेलेलं. पुढे पहिल्या पानावर पानभर जाहिराती आल्या. घडी मोडावी तर समोर बिल्डर, उलटावं तर दुसरा बिल्डर, मग दागिने, आणि पाचव्या पानावर पहिलं पान. अंकाच्या किमतीत कागद आणि छपाईचाही खर्च निघत नाही, बाकीचा भार जाहिरातदार उचलतो, हे पेपरवाल्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. “मग बिल त्या बिल्डरकडे पाठव,” अण्णा म्हणाले.

पेपरवाल्याचं दुखणं वेगळंच होतं. पहाटे चारला स्टेशनबाहेर बसून पुरवण्या घालायच्या आणि मग लाइन टाकायला जिने चढायचे, या कामाला पोरं मिळेनात. पार्सलं पोचवण्यात पैसे जास्त, शिवाय पहाटे उठायला नको. नव्या टॉवरमध्ये तर वॉचमन पेपर गेटवरच ठेवून घेतो आणि सगळ्यांच्या आधी स्वतः घडी मोडतो. अशा टॉवरमध्ये राहायला जायचा मुलाचा बेत अण्णांनी एवढ्या एका मुद्द्यावर उधळून लावला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मुलाचा जुना मोबाइल अण्णांकडे आला. तरी घडी मोडायचा नेम चालूच होता. तो मोडला २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीत. मार्चअखेर मुंबईत काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत आणि एप्रिलमध्ये सरकारने ते घरोघरी टाकायला मनाई केली. त्या दिवसांत अण्णा दोन बोटांनी पान मोठं करायला शिकले. पेपर पुन्हा यायला लागला तेव्हा वहिनी आधी त्यावर गरम इस्त्री फिरवत आणि मगच तो अण्णांच्या हातात देत. बातम्या कडक मिळत, पण घडी आधीच मोडलेली.

आता अण्णा पहाटे पाचला उशाखालचा मोबाइल काढतात. तिथल्या मथळ्यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. “‘या’ अभिनेत्रीने घेतला ‘हा’ निर्णय.” कोण ही? कसला निर्णय? अण्णा बोट लावतात. कर्जाची जाहिरात, गुडघेदुखीचं तेल, मग पुन्हा तोच मथळा आणि खाली “अधिक वाचा”. मुद्रणातल्या चुकांखाली लाल रेघ मारणारा हा माणूस आज ‘या’, ‘हा’ आणि ‘त्या’ यांच्या मागे अर्धा तास धावतो. अभिनेत्री सापडते तेव्हा ती त्यांना ठाऊकच नसते.

सातला पेपर येतो. तो ते मागून पुढे वाचतात : आधी निधनवार्ता, मग शब्दकोडं, मग नावात बदल केल्याच्या जाहिराती, मग आपल्या वॉर्डातलं पाणी कधी बंद ते. पहिलं पान सगळ्यांत शेवटी, “हे काल झालं” असं म्हणत. अग्रलेख राहून जातो.

खरा घोटाळा इथेच आहे. अण्णा पूर्वीपेक्षा कमी वाचतात असं नाही, दुप्पट वाचतात. पण पेपर त्यांचं ऐकत नसे. नावडता विषय, नावडता पक्ष, नावडता संपादक, सगळं एकाच पानावर शेजारी शेजारी मांडून तो पुढ्यात टाकी आणि बाराव्या पानावर संपेही. मोबाइलने मात्र अण्णांची आवड बरोबर ओळखली आहे. त्यांना जे पटतं तेवढंच तो दाखवतो, आणि संपत नाही. पूर्वी अण्णा सकाळी एकदाच चिडत आणि चर्चगेटच्या ऑफिसात साहेबाने बोलावलं की विसरत. आता दिवसभर चिडलेले असतात, तेही स्वतःच्याच मताच्या लोकांबरोबर बसून. फॉरवर्ड तर न वाचताच पुढे जातो. त्यातला मुद्दा कापायला संपादक नाही, आणि कात्रण लावायला फाइलही नाही.

तुमच्या घरी अजून पेपर येत असेल, तर बिल वेळेवर भरा आणि आठवड्यातून एकदा न पटणारा अग्रलेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. संपादकाला मग खुशाल शिव्या द्या. आधी वाचून द्या, एवढंच.